मर्मावर बोट

मराठीच्या मास्तराने दिवाळी अंकात दुखण्याविषयी लिहावे, हे तसे अप्रशस्तच. सणासुदीला वाचकाच्या हातावर करंजी ठेवावी, काढा ठेवू नये, एवढा पाचपोच मलाही आहे. परंतु या सदरात मी दर वेळी एखाद्या शब्दाचे बोट धरून हिंडायला निघतो, आणि यंदा ज्या शब्दाचे बोट धरले त्याने मला थेट आमच्या वहिनींच्या पोटदुखीपाशी नेऊन उभे केले. त्याला माझा इलाज नाही. तो शब्द आहे 'मर्म'.

एखाद्या वक्त्याने नेमके बोलून दाखवले, की 'मर्मावर बोट ठेवलेत' अशी आपण दाद देतो. टीका मर्मभेदक असते, विनोद मार्मिक असतो, आणि ज्याला काव्य कळते तो मर्मज्ञ. हे शब्द साहित्याच्या दिवाणखान्यात इतके रुळले आहेत, की त्यांचे माहेर वैद्याघरी आहे याची कुणाला आठवणही राहिलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या देहातली 107 मर्मे सांगितली आहेत. मांस, शिरा, अस्थी, सांधे यांचा जिथे मिलाफ होतो, आणि जिथे घाव बसला तर जिवावर बेतते किंवा निदान फार वेदना होते, अशी ही स्थाने.

गंमत अशी, की हा ग्रंथ नुसती घोकंपट्टी करायला सांगत नाही. शिकाऊ शल्यवैद्याने हात कसा बसवावा, याची त्यात मोठी चोख व्यवस्था आहे. कापण्याचा सराव कोहळ्यावर, भोपळ्यावर, काकडीवर करावा. आणि पट्ट्या बांधण्याचा सराव कशावर? तर 'पुस्तमय पुरुषा'वर. पुस्त म्हणजे माती, कापड वगैरेंनी घडवलेली प्रतिकृती. थोडक्यात, माणसाएवढा बाहुला! खऱ्या माणसाला हात लावण्यापूर्वी खोट्या माणसाशी ओळख करून घ्यावी, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

पश्चिमेकडेही हीच वाट चोखाळलेली दिसते. अठराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्या शहरी आना मोरांदी नावाची एक विदुषी मेणाचे डोळे, कान, हात घडवीत असे, आणि ते पाहून विद्यार्थी शरीररचना शिकत. फ्लॉरेन्सला 1775 साली उघडलेल्या संग्रहालयात मेणाची अशी माणसे सर्वसामान्य लोकांनाही पाहायला मिळू लागली. पुढे फ्रान्समध्ये लुई ओझू या डॉक्टराने कागदाच्या लगद्याची माणसे केली. त्यांचा एकेक अवयव सुटा करून पाहता येई आणि पुन्हा जागच्या जागी बसवता येई. कागदाच्या लगद्याचा गणपती घरी आणणाऱ्या मराठी माणसाला त्याचे फारसे नवल वाटू नये.

हे सारे मला पुस्तकांतून ठाऊक होते. त्याचा उपयोग काय, हे मात्र भिवंडीतल्या आमच्या माजघरात कळले.

आमच्या दादाचा सुताचा लहानसा व्यवसाय आहे. घर यंत्रमागांच्या वस्तीला लागून. दिवसरात्र मागांची खडखड चालू. पाहुण्यांना झोप येत नाही. आम्हांला वीज जाऊन ती थांबली की जाग येते. अशा घरात आमच्या वहिनींनी तीस वर्षे संसार केला. हातात सुई असली की त्या सुखात असतात. त्यांनी शिवलेल्या गोधड्या आमच्या नात्यागोत्यात ठाण्यापासून नाशकापर्यंत गेल्या आहेत.

2012 च्या पावसाळ्यात त्यांच्या पोटात दुखू लागले. बेंबीच्या उजव्या बाजूला, दोन बोटे अंतरावर, किंचित खाली. पाण्याची कळशी उचलली की कळ येई. खोकला, शिंक, कुशीवर वळणे, एवढेही पुरे होई. पुढे पुढे तर निऱ्या त्या जागी घासल्या तरी त्या दचकत. परकराची नाडी त्या ढिली बांधू लागल्या आणि वर साडी सावरीत बसू लागल्या.

मग सुरू झाली ती प्रदक्षिणा. आधी पित्त झाले म्हणून गोळ्या. मग जंत. मग 2014 साली आंत्रपुच्छाची शंका आली आणि ते काढून टाकले. तपासणीत ते अगदी धडधाकट निघाले! महिनाभर बरे वाटले, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तीनदा सोनोग्राफी झाली, एकदा सीटी स्कॅन, एकदा तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहिले. प्रत्येक कागदावर एकच शब्द: नॉर्मल. आजाऱ्याला या शब्दाचा केवढा जाच होतो, हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. अहवाल जसजसे चांगले येत गेले, तसतशी वहिनींची पत घसरत गेली. एका डॉक्टरांनी मनावर ताण आहे का, असे विचारले. नात्यातल्या एका बाईंनी तर, 'कामाच्या वेळी बरं दुखतं पोट', असे त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगून टाकले.

एकदा मी सहज विचारले, "वहिनी, हल्ली पोटाचं कसं आहे?"

त्या गोधडीवरून मान वर न करता म्हणाल्या, "भावोजी, मी दुखतं म्हणणं सोडून दिलंय. दुखणं काही सोडत नाही, पण म्हणणं सोडता येतं."

हे वाक्य मी वर्गात कधी उदाहरणादाखल घेतलेले नाही. घेववत नाही.

तर अशी अकरा वर्षे गेली. 2023 साली दादाची धाकटी मुलगी मुंबईला वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकत होती. कॉलेजात शरीररचनेच्या प्रतिकृतींचे प्रदर्शन होते, आणि तिच्या वाट्याला आली पोटाची भिंत. पोट नव्हे हं, पोटाची भिंत! जठर, आतडी, यकृत ही आतली मंडळी. त्यांच्यापुढे मांसाचे आणि त्वचेचे जे पडदे असतात ती भिंत. इतर मुलांना हृदय, मेंदू, डोळा असे मातब्बर विषय मिळाले, म्हणून पोरगी आधी थोडी हिरमुसली होती. गणपतीची उरलेली शाडूची माती घरात होती, सुताला आणि कापडाला भिवंडीत काय तोटा? सुट्टीला आली ती साहित्य मांडूनच बसली, आणि शिवणाचे काम निघताच आईला हाक मारली.

प्रतिकृती कशी केली ते सांगतो, कारण सारे रहस्य त्यातच आहे. एका फळीवर शाडूचा कणा आणि कमरेची हाडे. बांबूच्या कामट्या वाकवून बरगड्या. बरगड्यांपासून खाली ओटीपोटापर्यंत, मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, तांबड्या कापडाच्या दोन उभ्या पट्ट्या. हे पोटाचे सरळ स्नायू. आणि दोन्ही कुशींना मांजरपाटाचे तीन तीन थर. बाहेरच्या थराचे तंतू लेंग्याच्या खिशात हात घातल्यावर बोटे जातात त्या दिशेने, तिरपे. मधल्या थराचे त्याच्या उलट, तिरपे. सर्वांत आतल्या थराचे आडवे. वहिनींनी कापड हातात घेतले, त्याचा आडवा-उभा धागा पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे गोधडीच की गं! थर उलटसुलट घातले की फाटत नाही." शरीररचनेच्या पुस्तकात यापेक्षा निराळे काही सांगितलेले नाही.

आता राहिल्या नसा. नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे, संवेदना वाहून नेणारी मज्जातंतूची दोरी. सातव्यापासून बाराव्यापर्यंतच्या छातीच्या मणक्यांपाशी या नसा निघतात, बरगड्यांच्या आधाराने वळसा घेत पुढे येतात, आणि कुशीतल्या तीन थरांपैकी मधल्या आणि आतल्या थरांमधून सरकत पोटाच्या सरळ स्नायूपर्यंत पोहोचतात. दहावी नस बेंबीच्या पट्ट्याची. पुतणीने त्यांच्यासाठी पिवळे सूत घेतले. इथवर सूत सरळ चालले होते. पण सरळ स्नायूच्या बाहेरच्या कडेपाशी नसेची एक फांदी एकाएकी वळते. जवळजवळ काटकोनात! आणि स्नायूमधल्या एका लहानशा चिवट कड्यातून बाहेर पडून त्वचेकडे जाते. त्या कड्यासाठी बुटाच्या नाडीला असते तसली पितळी कडी बसवली, आणि पिवळे सूत तिच्यातून ओवून पुढे काढले.

शेजारचे एक पद्मशाली गृहस्थ, ज्यांचे आयुष्य मागावर गेले, ते सूत द्यायला आले होते. त्यांनी चष्मा सारखा करून ती कडी पाहिली. मागावर ताण्याचा प्रत्येक धागा असाच एका बारीक डोळ्यातून ओवलेला असतो. ते म्हणाले, "सर, तार मध्येच कधी तुटत नाही. तुटते ती इथे, डोळ्यापाशी. जिथे घासते तिथेच."

पुतणीने थर ताणून खिळ्यांना बांधायला घेतले. कापड ताणले गेले तशी कडी आवळली आणि पिवळे सूत त्या वळणावर करकचून दाबले गेले. वहिनी ते पाहत होत्या. त्यांनी एक बोट प्रतिकृतीतल्या कडीवर ठेवले, दुसरे स्वतःच्या पोटावर. बेंबीच्या उजवीकडे, दोन बोटे अंतरावर, किंचित खाली.

"अगं, हेच ते," त्या म्हणाल्या. "माझं इथेच दुखतं. आत नाही. इथे."

मुलगी उठली आणि तिने पुस्तक आणले. 1926 साली कार्नेट नावाच्या अमेरिकन शल्यवैद्याने एक साधी चाचणी लिहून ठेवली आहे. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. रोग्याला उताणे निजवावे, दुखऱ्या जागी बोट दाबावे, आणि हातांचा आधार न घेता डोके व खांदे उचलायला सांगावे. त्याने पोटाचे स्नायू ताठ होतात आणि आतल्या अवयवांवर ढालीसारखे उभे राहतात. दुखणे आतले असेल, तर बोटाचा दाब आत पोहोचत नाही आणि दुखणे सहसा कमी होते. दुखणे भिंतीचेच असेल, तर ते तसेच राहते किंवा वाढते. वहिनींनी डोके उचलले मात्र, आणि 'आई गं' म्हणून पुन्हा टेकवले. मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. आईला दुखले म्हणून, की अकरा वर्षांत हे कुणी करून पाहिले नाही म्हणून, ते मी विचारले नाही.

अर्थात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने निदान करू नये, आणि तिने ते केलेही नाही. तिने आपल्या शिक्षकांना विचारले, आणि त्यांच्या सल्ल्याने मुंबईत वेदनांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांकडे आम्ही गेलो. त्यांनी कागदांची जाड थप्पी बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला: "एका बोटाने दाखवता येईल का, कुठे दुखतं?" त्या जागेची त्वचा त्यांनी हलकेच चिमटीत धरली. दुसऱ्या बाजूला काही नाही, या बाजूला मात्र वहिनी कळवळल्या. मग त्यांनी त्याच बिंदूत बधिर करणाऱ्या औषधाची बारीकशी सुई दिली. पंधरा मिनिटांनी वहिनी उभ्या राहिल्या, वाकल्या, पायांतल्या चपला सरळ केल्या, आणि डॉक्टरांकडे न पाहता आमच्या दादाकडे पाहिले. त्या पाहण्याचे वर्णन करायला मराठीच्या प्राध्यापकापाशी शब्द नाही.

या विकाराला लांबलचक इंग्रजी नाव आहे. त्याचा मराठीत अर्थ एवढाच: पोटाच्या भिंतीतली त्वचेची नस अडकणे. अ‍ॅपलगेट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1972 साली त्यावर लेख लिहिला. नेदरलँड्समधल्या शल्यवैद्यांनी 2013 साली त्याची मोठी प्रामाणिक परीक्षा घेतली. काही रोग्यांना बधिरतेचे औषध टोचले आणि काहींना नुसते मिठाचे पाणी; कुणाला काय मिळाले ते रोग्याला सांगितले नाही. औषधवाल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांना लक्षणीय आराम पडला, पाणीवाल्यांपैकी सहांत एकाला. म्हणजे हा मनाचा खेळ नव्हे. कुणाला दोनचार सुयांनी दीर्घकाळ बरे वाटते. कुणाचे पुन्हा उलटते, तेव्हा ती बारीक नस कापून टाकण्याची शस्त्रक्रियाही करतात. आमच्या वहिनींना सहा महिन्यांत तीन सुया लागल्या. दुखणे समूळ गेले असे त्या म्हणत नाहीत. कळशी जपून उचलतात. पण निऱ्या घट्ट खोचतात, आणि दुखले तर 'दुखतंय' म्हणतात. मला ही दुसरी सुधारणा पहिलीपेक्षा मोठी वाटते.

मग एवढी यंत्रे झाली ती खोटी बोलली का? मुळीच नाही. सोनोग्राफीला विचारले, आतले अवयव कसे आहेत? तिने खरे सांगितले, ठीक आहेत. दुर्बिणीला विचारले, जठर कसे आहे? तिनेही खरे सांगितले. भिंतीतली नस इतकी बारीक, की नेहमीच्या चित्रांत ती सहसा ओळखू येत नाही. आणि घरात काही हरवले की आपण खोल्या धुंडाळतो, भिंत कोण तपासतो? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा प्रकार.

वाचकहो, हे वाचून कुणी आपल्या पोटदुखीचे निदान घरच्या घरी करू नये. पोटाबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, उलटी होत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, किंवा दुखणे एकाएकी भडकले असेल, तर आधी आतलाच शोध घेतला पाहिजे, आणि तोही ताबडतोब. कार्नेटची चाचणीही ब्रह्मवाक्य नव्हे. ती डॉक्टराच्या हातचे एक साधन आहे. परंतु तपासण्या साऱ्या स्वच्छ आल्या आणि दुखणारी जागा बोटाच्या टोकाएवढीच राहिली, तर डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे: 'हे भिंतीचे असेल का?' या प्रश्नाला पैसे पडत नाहीत.

ती प्रतिकृती प्रदर्शनात मांडली गेली. तिला बक्षीस मिळाले नाही. ते एका मातीच्या हृदयाला मिळाले, आणि ते हृदय खरोखरच देखणे होते. आता ती आमच्या कपाटावर आहे. घरी येणाऱ्या बायका ती पाहून विचारतात, हे काय? आणि वहिनी ती खाली उतरवून पिवळे सूत कुठून निघते, कुठे वळते, कुठे आवळते ते दाखवतात. ज्या बाईंनी हळू आवाजात ते वाक्य उच्चारले होते, त्यांनाही दाखवले. त्या बराच वेळ कडीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे खरंच काहीतरी होतं तर." वहिनींनी त्यांना चहा दिला.

दुखणे डोळ्यांना दिसत नाही, हीच त्याची मोठी अडचण. ताप थर्मामीटरवर दिसतो, जखम उघड असते; कळ मात्र ज्याची त्यालाच. तिला माती, कापड आणि चार पैशांच्या सुताने आकार दिला, की घरातल्या माणसांना ती दिसू लागते, आणि दिसू लागली की त्यांचा तिच्यावर विश्वास बसतो. मेणाचे डोळे घडवणारी ती बोलोन्याची बाई, लगद्याची माणसे करणारा तो फ्रेंच डॉक्टर आणि पुस्तमय पुरुष सांगणारा आपला सुश्रुत यांनी विद्यार्थ्यांसाठी जे केले, ते घरच्या माणसांच्याही उपयोगी पडते, एवढेच मला यंदा नव्याने कळले.

आणि शब्दाचे म्हणाल, तर मर्मावर बोट ठेवणे हा टीकाकारांचा मान आहे, अशी माझी आजवरची समजूत होती. त्यांच्या आधी तो दुखणाऱ्या माणसाचा आहे. आमच्या वहिनींनी पहिल्या दिवसापासून बरोबर त्याच जागी बोट ठेवले होते. आपल्या घरात कुणी असे बोट ठेवून वर्षानुवर्षे बसले असेल, तर या दिवाळीत पाहुणे गेल्यावर थोडा वेळ काढून त्याच्या शेजारी बसावे, आणि ते बोट नेमके कुठे आहे तेवढे नीट पाहून घ्यावे.